बालसंगोपन योजना: चार वर्षांचा अनुभव, पाचपैकी तीन तारे

शेजारचा खलाशी हर्णैच्या समुद्रात गेला तो परत आला नाही. वर्षभरात बायकोही आजारपणात गेली. मागे राहिलेला सात वर्षांचा मुलगा रात्री आमच्या पडवीत येऊन झोपायचा. मी त्याची नात्याची कुणी नाही, तो काकी म्हणतो एवढंच. पोरक्या मुलाला घरात सांभाळणाऱ्या कुटुंबाला राज्य सरकार दरमहा पैसे देतं, अशी ही योजना. अंगणवाडीतल्या ताईंनी तिचं सांगितलं नसतं, तर त्याची रवानगी बालगृहात झाली असती.

कागद लागतात ते असे: आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि मुलासोबत घरासमोर काढलेला फोटो. आम्ही अडकलो पहिल्याच कागदावर. वडिलांचा देह सापडला नव्हता, आणि सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तरच कायदा माणूस मेला असं धरतो. एका कार्यालयातून मला तीनदा परत पाठवलं. योजना बेपत्ता पालकांच्या मुलांसाठीही आहे, हे तिथे कुणी सांगितलं नाही. शेवटी पोलिसांतली बेपत्ताची नोंद जोडली आणि अर्ज पुढे सरकला. बंदरावरच्या बायांनो, ही नोंद पहिल्याच आठवड्यात करून ठेवा.

मूल कुणाकडे राहील ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीचा अनुभव मात्र चांगला. पहाटेच्या एसटीने रत्नागिरीला गेलो. मला बाहेर बसवून मॅडम त्याच्याशी एकट्याने बोलल्या. बाहेर आला तेव्हा त्याने माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

पैसे आधी ११०० मिळायचे, २०२३ पासून महिना २२५० झाले. म्हणजे दिवसाला ७५ रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रतिपालक कुटुंबाला (म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या घराला) महिना ४००० आहेत. मग पोरक्या पोरांत हा फरक का, हे मी गेल्या वर्षी ग्रामसभेत उभी राहून विचारलं. त्याआधी चारचौघांत कधी तोंड उघडलं नव्हतं, माईक धरलेला हात थरथरत होता. आता बचतगटांच्या बैठकांतून, मच्छीमार सोसायटीत, बोलावतील तिथे जाते. मागण्या तीनच: पैसे दर महिन्याला खात्यात यावेत (आमचे एकदा सात महिने थकले, वह्या उधारीवर आणल्या), समितीची बैठक महिन्यातून एकदा तालुक्याला व्हावी, आणि मूल घरात आल्यावरही कुणीतरी येऊन त्याची विचारपूस करावी. आमच्याकडे गृहचौकशी एकदाच झाली, त्यानंतर कुणी फिरकलं नाही.

लोक विचारतात, दत्तक का नाही घेतलंस? दत्तकात जुनं नातं कायद्याने तुटतं. इथे त्याचं नाव, आडनाव, आईवडिलांचं घर त्याचंच राहतं. त्या घराची किल्ली आमच्या देव्हाऱ्याखाली असते, आणि दर गणपतीला ते घर उघडून तोच झाडून घेतो.