फिओक्रोमोसायटोमासाठी डोटाटेट पेट की एमआयबीजी?

फिओक्रोमोसायटोमा ही ॲड्रिनल ग्रंथीतली दुर्मीळ गाठ. तसलीच गाठ ग्रंथीबाहेर झाली की पॅरागॅन्ग्लिओमा. रक्तात किंवा लघवीत मेटानेफ्रिन (ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांपासून बनणारा पदार्थ) वाढलेलं दिसलं, सीटी किंवा एमआरआयमध्ये गाठ सापडली, की मगच न्यूक्लिअर स्कॅनची, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून काढायच्या चित्राची, पाळी येते. एमआयबीजी आणि डोटाटेट पेट हे त्याचेच दोन प्रकार. गाठ आणखी कुठे पसरली आहे का, हे या स्कॅनला विचारायचं. निदानाची सुरुवातच या स्कॅनने करणं म्हणजे पैसे वाया.

एमआयबीजी जुना आणि तयारीला किचकट. हा नॉरॲड्रिनलिनसारखा रेणू गाठीच्या पेशी आत ओढून साठवतात. आयोडीन-१२३ लावलेला घेतला तर आज इंजेक्शन, २४ तासांनी स्कॅन. आयोडीन-१३१चं चित्र धुरकट येतं, तेव्हा पर्याय असेल तर १२३च मागा. थायरॉइडने हे आयोडीन शोषू नये म्हणून आधीपासून पोटॅशियम आयोडाइड किंवा लुगॉल्स (आयोडीनचं द्रावण) द्यावं लागतं. इंजेक्शन सावकाश दिलं पाहिजे, नाहीतर रक्तदाब उसळू शकतो.

स्कॅन फसतो तो बहुधा औषधांमुळे. लॅबेटॅलॉल, ट्रायसायक्लिक नैराश्यविरोधी गोळ्या, सर्दीच्या औषधातलं स्यूडोएफेड्रिन, वेदनाशामक ट्रॅमाडॉल ही सगळी एमआयबीजीची वाट अडवतात आणि गाठ असूनही चित्र कोरं येतं. यातल्या लॅबेटॅलॉलची गंमत अशी की ते या रुग्णांना रक्तदाबासाठीच दिलेलं असतं. म्हणून केंद्राने औषधांची यादी आधी मागितली नाही, तर त्या केंद्राबद्दल शंका घ्या. पण गोळी परस्पर बंद करू नका. पर्याय डॉक्टरच ठरवतील.

गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी या बाबतीत सुटसुटीत. डोटाटेट हा रेणू गाठीच्या पेशींवरच्या सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या रिसेप्टरला चिकटतो, आणि गॅलियम-६८ हे त्याला लावलेलं किरणोत्सारी द्रव्य. गॅलियमचं अर्धायुष्य ६८ मिनिटं, त्यामुळे इंजेक्शननंतर साधारण तासाभराने स्कॅन आणि त्याच दिवशी घरी. उपास नाही, थायरॉइडची तयारी नाही. पाणी मात्र भरपूर प्यायचं. दीर्घकाळ टिकणारं ऑक्ट्रिओटाइड (त्याच रिसेप्टरला चिकटणारं औषध) चालू असेल तर पुढचा डोस घेण्याच्या जरा आधीची तारीख घ्यावी. ग्रंथीबाहेरच्या आणि पसरलेल्या गाठींसाठी, विशेषतः एसडीएचबी या, अशा गाठींशी संबंधित जनुकात बदल असेल तर, आमची पसंती निःसंशय यालाच. तिथे एमआयबीजी बरंच काही चुकवतो.

उणीवही आहे. निरोगी ॲड्रिनलही डोटाटेटमध्ये उजळते, त्यामुळे तिथली लहान गाठ झाकली जाऊ शकते. स्वादुपिंडाचं डोकं, जादा प्लीहा, मेंदूच्या आवरणातली मेनिंजिओमा ही गाठ हेही चमकतात. अहवालात यांचा उलगडा नसेल तर तो अर्धवट समजावा. व्हीएचएल (व्हॉन हिपेल-लिंडाऊ) या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत बऱ्याचदा एफ-डोपा हे वेगळं द्रव्य वापरणारा पेट सरस ठरतो.

मग एमआयबीजी बाद? नाही. आयोडीन-१३१ एमआयबीजीने उपचार करायचे असतील तर गाठा एमआयबीजीतच उजळल्या पाहिजेत. डोटाटेटचं चित्र तिथे चालत नाही. किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ लावलेल्या डोटाटेटच्या उपचारासाठी उलट: गाठ डोटाटेटमध्ये यकृतापेक्षा जास्त उजळ हवी.

पाठपुराव्याला ट्रेसर (टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य), मशीन आणि इंजेक्शन ते स्कॅन हा अवधी तोच ठेवा. एकदा ४५ मिनिटांनी आणि एकदा ९० मिनिटांनी काढलेल्या चित्रांतले एसयूव्ही (गाठीने किती द्रव्य शोषलं याचं माप) आकडे शेजारी ठेवून 'गाठ वाढली' म्हणता येत नाही. जुन्या स्कॅनची डायकॉम (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी सोबत न्या. नुसत्या छापील अहवालावरून तुलना होत नाही.