यूव्हर्जन बायबल ॲप: लोकांच्या पसंतीचं ओझं उतरवायला किती कामाचं?

यूव्हर्जनचं बायबल ॲप नवं नाही. २००८ च्या जुलैत ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं, तेव्हा सुरुवातीच्या फुकट ॲपमध्ये ते होतं. अमेरिकेतल्या लाइफ.चर्च या मंडळीने ते काढलं. आजही ते फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. त्याची सर्वसाधारण स्तुती बरीच झाली आहे, म्हणून हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे. लोक काय म्हणतील यावर स्वतःची किंमत ठरवायची सवय ज्याला मोडायची आहे आणि ती किंमत ख्रिस्तात शोधायची आहे, त्याच्या हातात हे ॲप कसं चालतं? आमचं मत असं: वाचायला उत्तम, पण त्यातली मोजदाद याच दुखण्याला खतपाणी घालते.

आधी चांगलं. मराठीत बायबल सोसायटीची आवृत्ती आहे आणि सोप्या भाषेतलं भाषांतरही आहे. वचनावर बोट ठेवलं की तुलना करण्याचा पर्याय येतो आणि तेच वचन दुसऱ्या भाषांतरात लगेच दिसतं. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या पौलाची वाक्यं लांबलचक आणि एकात एक अडकलेली असतात, तिथे ही सोय सोन्यासारखी आहे. वचनाला रंग देता येतो, टिपण लिहिता येतं, आणि टिपण कोणाला दिसावं हेही ठरवता येतं.

आता अडचण. ॲप रोज उघडलं की सलग दिवसांचा आकडा वाढतो. योजना (रोज थोडं वाचायचे ठरलेले क्रम) पूर्ण केल्या, वचनं रंगवली, चित्रावर वचन टाकून पाठवलं की बिल्ले मिळतात. मित्र जोडता येतात आणि त्यांच्याबरोबर योजना वाचता येते. यातलं काहीच मुळात वाईट नाही. ज्याला रोज वाचायची शिस्त लागत नाही त्याला आकड्याचा आधार होतो. पण ज्याचा रोगच ‘मी पुरेसा दिसतोय का?’ हा आहे, त्याला एक दिवस चुकून आकडा शून्यावर आला की देवापुढेही नापास झाल्यासारखं वाटतं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपास ही तीन उदाहरणं घेतो, आणि लोकांनी पाहावं म्हणून ती करणाऱ्यांबद्दल तिन्ही वेळा तेच म्हणतो: त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हेही तिथेच आहे. इथे तर डावा हात बिल्ला घेऊन उभा!

त्यामुळे ॲप घेतल्यावर पहिलं काम सेटिंगचं. सूचनांमध्ये जाऊन रोजच्या वाचनाची एक आठवण ठेवा, बाकी सगळ्या बंद करा. योजना सुरू करताना मित्रांबरोबर न घेता एकट्याने घ्या. टिपणाची गोपनीयता प्रत्येक वेळी ‘खाजगी’ आहे ना ते बघा, कारण कोणी वाचणार आहे हे माहीत असलं की माणूस टिपण देवापुढे न लिहिता वाचकासाठी सजवतो. निदान पहिला महिनाभर वचनांची चित्रं कुठेही टाकू नका. योजनेत मागे पडलात तर ॲप तारखा पुढे सरकवून देतं. तो पर्याय बिनदिक्कत वापरा, तीन दिवसांचं एका रात्रीत वाचून हिशेब जुळवत बसू नका.

स्वतःची किंमत, ख्रिस्तातली ओळख अशा विषयांवर योजना भरपूर आहेत. इंग्रजीत फार, मराठीत त्या मानाने कमी. बऱ्याचशा तीन ते सात दिवसांच्या असतात: एक छोटं मनन आणि खाली दोन-चार उतारे. गडबड इथे दोन प्रकारची होते. पहिली म्हणजे वचन संदर्भातून उचललेलं असतं. यिर्मया २९:११ मधलं भविष्याचं आश्वासन घ्या. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. ते गाळलं की वाचणाऱ्याला वाटतं, पुढच्या महिन्यात नोकरी लागेल. नाही लागली की पुन्हा ‘मीच नालायक’. स्तोत्र १३९:१४ चंही तेच होतं. अद्भुत रीतीने घडवलं म्हणून दावीद देवाचे आभार मानतो. आरशासमोर म्हणायचं ते वाक्य नव्हे. त्याच स्तोत्राच्या शेवटी तो देवाला म्हणतो, माझं अंतःकरण तपासून पाहा. म्हणून मननाआधी पूर्ण अध्याय उघडा.

दुसरी गडबड जास्त खोल आहे. काही योजनांमध्ये ‘मी मौल्यवान आहे, मी सुंदर आहे’ अशी यादी असते आणि ती रोज म्हणायची असते. दोन दिवस बरं वाटतं. मग टीका ऐकू येते आणि यादी कोसळते, कारण तिच्यात मत देणारा फक्त बदललेला असतो: आधी लोक होते, आता मी स्वतः.

पहिले करिंथ ४:३-४ मध्ये पौल हे फार नेमकं मांडतो. तुमच्याकडून किंवा माणसांच्या न्यायसभेकडून माझा निवाडा व्हावा याचं त्याला फारच थोडं वाटतं. एवढं तर हल्ली कोणीही म्हणेल. पण पुढच्याच श्वासात तो म्हणतो, मी स्वतःचाही निवाडा करत नाही. माझं मन मला दोषी ठरवत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, निवाडा करणारा प्रभू आहे. म्हणजे न्यायालयं तीन आणि पौल पहिली दोन्ही सोडून निघतो. ‘स्वतःवर विश्वास ठेव’ एवढंच सांगणारी योजना दुसऱ्या न्यायालयात अडकलेली असते. योजना निवडताना हीच कसोटी लावा.

तयार योजनेपेक्षा स्वतःचा क्रम लावणं आम्हाला जास्त पटतं. सुरुवात मार्क १:९-११ पासून करा. बाप्तिस्म्याच्या वेळी ‘तू माझा प्रिय पुत्र’ ही वाणी होते, तोवर मार्काच्या शुभवर्तमानात येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. मग इफिस १:३-१४ घ्या आणि त्यावर घाई न करता चार-पाच दिवस घालवा. मूळ ग्रीकमध्ये ही बारा वचनं मिळून एकच लांब वाक्य आहे. कागदावर दोन रकाने करा: डावीकडे क्रिया, उजवीकडे ती कोणी केली. आशीर्वाद दिला, निवडलं, दत्तक घेण्याचं आधीच नेमलं, मुक्त केलं, क्षमा केली, रहस्य कळवलं, शिक्का मारला. उजव्या रकान्यात देवच येत राहतो. आपली म्हणावी अशी क्रिया तेराव्या वचनात सापडते: ऐकलं आणि विश्वास ठेवला. हे हाताने लिहून काढल्याशिवाय नीट मुरत नाही, नुसतं रंगवून सोडलं तर वाचलेलं विसरायला वेळ लागत नाही.

त्यानंतर फिलिप्पै ३:४-९. पौलाच्या प्रतिष्ठेची यादी तिथे आहे: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला. ती सगळी तो ख्रिस्तापुढे केरकचरा मानतो. तुमची यादी त्याच्या खाली लिहा. परीक्षेतले मार्क, पगार, मंडळीतलं पद, ‘फार आत्मिक आहे हो’ ही ख्याती, सगळं. शेवटची नोंद लिहायला सहसा सगळ्यात जड जाते. मग लूक १८:९-१४ मधला परूशी आणि जकातदार. शेवटी योहान १२:४२-४३. तिथल्या अधिकाऱ्यांनी विश्वास ठेवला होता, पण सभास्थानातून काढून टाकतील या भीतीने ते गप्प राहिले. पसंतीची भूक विश्वास ठेवल्यावर आपोआप जात नाही, हे त्यात फार प्रामाणिकपणे आलं आहे.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. उतारा दोनदा वाचा, दुसऱ्यांदा वेगळ्या भाषांतरात. टिपणात दोनच गोष्टी लिहा: इथे देवाने काय केलं, आणि आज मी कोणाच्या मताला घाबरलो. मग त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा. ॲपमध्ये प्रार्थनांची यादी आहे आणि ती मित्रांना पाठवता येते. या कामापुरती पाठवू नका.

एक फसगत टाळायला हवी. ‘मी माणसांना खूश करत नाही’ हे गलती १:१० वाचून पत्नीचं, आईवडिलांचं किंवा पाळकांचं खरं बोलणं उडवून लावणारे असतात. गलतीतला मुद्दा शुभवर्तमान लोकांच्या चवीप्रमाणे बदलण्याचा आहे. मित्राने केलेल्या जखमा विश्वासूपणाच्या असतात, असं नीतिसूत्रे २७:६ सांगतं. टीका खरी आहे का हे आधी बघा, ती कोणाकडून आली हे नंतर.

ॲपला एक गोष्ट जमत नाही. इफिसचं पत्र मंडळीला लिहिलेलं आहे आणि ही ओळख एकमेकांमध्ये राहूनच मुरते, म्हणून टिपणातली एखादी गोष्ट आठवड्यातून एकदा पाळकांशी किंवा विश्वासातल्या एका व्यक्तीशी समोरासमोर बोला. आणि झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर सात दिवसांच्या योजनेवर विसंबू नका, डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. ‘विश्वास कमी पडतोय’ असं सुचवणारी योजना अशा वेळी तिथल्या तिथे बंद करावी.

आकड्याचा मोह आवरतच नसेल तर ॲप काढून टाका. छापील बायबल आणि शंभर पानी वही घेतली तरी वरचे सगळे उतारे तसेच वाचता येतात. भाषांतरं शेजारी ठेवून बघायची सोय तेवढी जाईल.