रस्त्यावरच्या सिग्नलच्या कामासाठी लो-झेड मल्टिमीटर : दोन उन्हाळे वापरल्यानंतर

भुसावळात ‘मी सिग्नलमध्ये आहे’ म्हटलं की समोरचा रेल्वेच धरतो. माझं काम रस्त्यावरच्या सिग्नलचं. आयटीआयला वायरमन केलं आणि ठेकेदाराकडे लागलो. भुसावळ, जळगाव, धुळे या पट्ट्यात आता अकरा वर्षं झाली. आयटीआयमधून नवीन निघालेली पोरं विचारतात, भाऊ, या लाइनीत यायचं तर पहिल्या पगारात काय घेऊ? पक्कड, टेस्टर प्रत्येकाकडे असतंच. मी सांगतो, लो-झेड, म्हणजे मोजताना तारेवर थोडा भार टाकून बघायची सोय, असलेला मीटर घे. मी माझा साडेचार हजाराला घेतला. त्याआधीचा सातशेचा होता आणि त्याच्यापायी एक अख्खी दुपार गेली, ती आधी सांगतो.

मे महिना. जळगावातल्या एका चौकात पाइपलाइनसाठी खोदकाम झालं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून एका पोलवरचा हिरवा बाण पेटेना. सिग्नल २३० व्होल्टचा. दिवे चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरच्या पॅनलपासून पोलपर्यंत जमिनीखालून एकच मल्टिकोअर केबल जाते, म्हणजे एका केबलमध्ये बऱ्याच सुट्या तारा (कोअर). लाल, पिवळा, हिरवा, बाण, सगळ्यांच्या कोअर तिच्यातच शेजारी शेजारी. पोलवर बाणाच्या कोअरला मीटर लावला, ९४ व्होल्ट. टेस्टरही मिणमिणला. मी धरून चाललो की तार सलग आहे, कुठेतरी जॉइंट जळालाय म्हणून व्होल्टेज पडतंय. जंक्शन बॉक्स उघडला, तारांच्या टोकांचे लग नवीन मारले, पोलच्या बुडाशी खणलं. अमळनेरचा हेल्पर होता सोबत. तो सारखा एकच विचारत होता, “भाऊ, हाई वायर जित्ती शे का मरेल शे?” मला उत्तर देता येईना. चार तास त्या कोपऱ्यावर ट्रॅफिकचे हवालदार उन्हात हात करत उभे होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तार मेलेली होती. जेसीबीनं ती कोअर साफ तोडली होती. ९४ व्होल्ट आले होते शेजारच्या जिवंत कोअरमधून, नुसते इंडक्शनचे. साधा डिजिटल मीटर आत १० मेगाओहमचा असतो, तारेतून करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे असलं पोकळ व्होल्टेज त्याला जसंच्या तसं दिसतं. लो-झेडवर ठेवलं की मीटर तारेवर साधारण ३ किलोओहमचा भार टाकतो. खरी सप्लाय असेल तर २३० टिकून राहतात, पोकळ असेल तर आकडा लगेच खाली कोसळतो. दुसऱ्या दिवशी एका मित्राचा मीटर मागून आणला आणि त्याच तारेला लावला : १.८ व्होल्ट. स्पेअर कोअरवर बाण जोडून अर्ध्या तासात चौक चालू केला. संध्याकाळी दुकानात जाऊन स्वतःचा मीटर घेतला.

एलईडी आल्यापासून याची गरज वाढली आहे. जुना बल्ब असलं इंडक्शन गिळून टाकायचा, पेटायचा नाही. एलईडीच्या दिव्याला मात्र थोडंसंही पुरतं. लाल चालू असताना हिरवा मंद चमकतो, आणि अंधार पडल्यावर लांबून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दोन्ही दिसतात. ही तक्रार आली की मी हातातलं सोडून जातो. लो-झेडवर आकडा खाली आला तर इंडक्शन किंवा कंट्रोलरच्या स्विचिंग कार्डची बारीक गळती. २३० टिकले तर दोन कोअर शॉर्ट आहेत, आणि मग कंट्रोलरचं कॉन्फ्लिक्ट मॉनिटर, म्हणजे चुकीचे दिवे एकत्र लागत नाहीत ना हे बघणारं कार्ड, तपासायलाच हवं, कारण दोन रंग भिडले की त्यानं सिग्नल ब्लिंकरवर टाकायला पाहिजे होता.

आता उणिवा. आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी पॅनलच्या आत हात घालवत नाही. मीटर ५० अंशांपर्यंतचाच आहे, त्यामुळे स्क्रीन काळवंडते आणि आकडा वाचायला मीटर सावलीत न्यावा लागतो. कंटिन्युइटीचा (तार सलग आहे हे सांगणारा) बीप चौकातल्या हॉर्नमध्ये ऐकूच येत नाही. बीपसोबत दिवा लागणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. सोबत आलेल्या लीड वर्षभरात कडक होऊन तडकल्या, मी सिलिकॉनच्या टाकल्या. आणि एक गोष्ट माहितीपुस्तकात मला सापडली नाही, कामावर कळली : लो-झेडवर फेज ते अर्थ मोजू नका. त्या भारातून साधारण ७५ मिलिअँपिअर अर्थला जातात, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थला गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) ट्रिप होतो आणि पूर्ण चौक अंधारात जातो. न्यूट्रलशी मोजा. प्रोब फार वेळ धरूनही ठेवू नका, आतला रेझिस्टर तापतो.

पोरं हेही विचारतात की सिग्नलचे सेकंद आपण ठरवतो का. नाही. ते ट्रॅफिक इंजिनीअरचं काम, त्यासाठी सिव्हिलची डिग्री आणि पुढे ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमटेक लागतं. एका चौकात असे एक साहेब गाड्या मोजायला आले होते, मी दिवसभर त्यांच्याबरोबर थांबलो. प्रत्येक वाहनाची कारच्या हिशोबात किंमत धरायची, त्यावरून वेबस्टरच्या १९५८ च्या सूत्रानं पूर्ण फेरीचे सेकंद काढायचे आणि ते बाजूंना वाटायचे. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसनं मोटारसायकल अर्धी, ट्रक ३ आणि बैलगाडी चक्क ८ धरली आहे, हे त्यांच्याकडूनच कळलं. फार सुंदर काम आहे ते, ज्याचं गणित चांगलं आहे त्यानं जरूर तिकडे जावं. पण एका बाजूचा बाण बंद पडला की त्यांचा तो दिवसभराचा हिशोब फुकट जातो, म्हणून मला माझ्या कामाचंही मोल वाटतं.

तुमच्याकडचे सिग्नल सोलरवर, १२ व्होल्ट डीसीचे असतील तर एवढे पैसे घालू नका. तिथे बॅटरी बघायला साधा मीटर पुरतो. २३० वर काम असेल तर दुकानात मीटरच्या डायलवर ‘लो-झेड’ लिहिलेलं स्वतः बघा आणि कॅट थ्री, ६०० व्होल्ट या सुरक्षा-दर्जाच्या खालचा घेऊ नका. माझ्या दुकानदारानं आधी भलताच पुढे केला होता.