अँथुरियम घ्यावं की पीस लिली?

दोन्ही घरात कुंडीत लावायची फुलझाडं, अळूच्या कुळातली. दोन्हींत आपण ज्याला फूल म्हणतो ते खरं तर रंग चढलेलं एक पान असतं. खरी फुलं मधल्या दांड्यावर, टाचणीच्या डोक्याएवढी. निवडताना बहुतेक जण लाल हवं की पांढरं एवढंच बघतात. आधी बघायला हवी ती खिडकी.

अँथुरियम जंगलात बऱ्याचदा झाडांच्या खोडांवर वाढतं, त्यामुळे त्याच्या मुळांना हवा लागते. नुसत्या बागेच्या मातीत लावलं तर मुळं कुजतात. नारळाच्या सालीचे तुकडे, पर्लाइट (हलके पांढरे खडे), थोडा कोळसा असं भरभरीत मिश्रण हवं आणि वरचा थर सुकल्यावरच पाणी. उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. फुलांचा त्याचा हिशोब सरळ आहे: वयात आलेल्या झाडाला प्रत्येक नव्या पानाच्या बेचक्यातून एक फूल. उजेड कमी पडला की पानं कमी येतात, मग फुलंही कमी. अंधाऱ्या कोपऱ्यात डौलात उभ्या असलेल्या अँथुरियमचे फोटो दिसतात खरे. फोटो झाल्यावर ते परत खिडकीशी नेलं असणार!

पीस लिली जंगलात जमिनीवर, सावलीत, ओलाव्यात वाढणारी. कमी उजेडात ती तग धरते, पण तग धरणं वेगळं आणि फुलणं वेगळं. शिवाय रोपवाटिकेत ती फुलांनी लगडलेली दिसते, कारण बरेच उत्पादक फुलं आणण्यासाठी जिबरेलिक आम्ल हे वनस्पतींचं संप्रेरक फवारतात. घरी तो जोर ओसरतो आणि महिनोन् महिने नुसती पानंच दिसतात. ती पानं आवडणार असतील तरच घ्या.

पाण्याच्या बाबतीत मात्र पीस लिली स्पष्टवक्ती. तहान लागली की सगळी पानं कुंडीच्या काठावर लोळतात. पाणी दिलं की काही तासांत पुन्हा उभी. नवशिक्याला याहून सोपी खूण मिळणार नाही. फक्त माती ओली असूनही पानं मलूल दिसली, तर मुळं कुजलीत असं समजा आणि आणखी पाणी घालू नका. अँथुरियम इतक्या लवकर तक्रार करत नाही, त्यामुळे त्याच्या मातीत बोट घालूनच बघावं लागतं.

फुलदाणीसाठी हवं असेल तर अँथुरियमच. कापलेलं फूल दोन-तीन आठवडे सहज टिकतं. पीस लिलीचं पांढरं पान जुनं झालं की हिरवट पडतं, परागाची पांढरी भुकटी खालच्या पानांवर सांडते.

हवा शुद्ध होईल म्हणून पीस लिली घेत असाल तर थांबा. हा समज ज्या 1989 च्या नासाच्या अहवालातून पसरला, त्यातले प्रयोग बंद पेटीत झाले होते. घरात खिडक्या उघडल्याने जेवढी हवा बदलते, तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील, असं 2019 च्या एका आढाव्यात निघालं. एका कुंडीने काही होत नाही.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर दोघांत डावं-उजवं नाही. दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, पान चावलं की तोंडाची आग होते. उंचावर ठेवा, नाहीतर दोन्ही नकोत.

खिडकी उजळ आणि तुम्ही पाणी घालायला विसरणारे, तर अँथुरियम. खोली सावलीची आणि हात सारखा झारीकडे जाणारा, तर पीस लिली. तिचे फुटवे मुळांसकट वेगळे करून दुसरी कुंडीही लगेच भरता येते.