आलापात झोपणारा अ‍ॅम्प आणि ६९ हर्ट्झ: रूम करेक्शन वेगळं घेतल्यानंतरचा अनुभव

मुद्दा आधी सांगून टाकतो. रूम करेक्शन म्हणजे खोलीमुळे बिघडणारा आवाज मोजून सुधारणं, त्यासाठी घेतलेला मिनीडीएसपीचा टू बाय फोर एचडी (आवाजावर फिल्टर लावणारा डीएसपी डबा) आणि सोबत मोजायचा यूमिक-१ मायक्रोफोन, हे दोन्ही पैसा वसूल. त्यांच्या पुढे जो क्लास डी पॉवर अ‍ॅम्प लावलाय त्याचा आवाज चांगला, गरम होत नाही, जागा कमी खातो, आणि तरीही या वर्षात सगळ्यात जास्त वैताग त्यानेच दिलाय, कारण तो आलाप चालू असताना झोपतो. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, पण नवीन अ‍ॅम्प घेणार असाल तर खालचं वाचा आणि पैसे देण्याआधी मागचं पॅनल बघा. वॉट, डिस्टॉर्शन वगैरे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ते परत लिहीत नाही.

करेक्शन वेगळं का घेतलं ते सांगतो. आधी ए व्ही रिसीव्हर होता, त्यातच मायक्रोफोन लावून ऑटो सेटअप व्हायचा. पावसाळ्याच्या तोंडावर लाइट गेली, आली, परत गेली, आणि त्याचा डिजिटल बोर्ड मेला. पॉवरचा भाग ठणठणीत, ट्रान्सफॉर्मर ठणठणीत, पण बोर्ड गेला म्हणजे करेक्शन गेलं आणि डबाच निकामी. सर्व्हिस सेंटर म्हणे पार्ट आता येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. दहा-बारा किलो लोखंड आणि तांबं एका तळहाताएवढ्या बोर्डासाठी भंगारात घालायचं हे मला पटेना. तेव्हाच ठरवलं की यापुढे हुशारी एका डब्यात आणि ताकद दुसऱ्या डब्यात, एक मेला तर दुसरा तरी वाचेल.

एकाच डब्यात सगळं देणारे पर्याय बघितले होते. नॅडचा एम १० डिरॅकवाला (डिरॅक हे रूम करेक्शनचं सॉफ्टवेअर), आर्कमचा एसए ३०, लिंगडॉर्फचा टीडीएआय ११२० त्यांच्या स्वतःच्या रूमपरफेक्ट करेक्शनसकट. यंत्रं उत्तम आहेत यात वाद नाही, पण किंमत बघून टॅब बंद केले. विम अ‍ॅम्प बजेटमध्ये बसत होता, तो फोनच्या माइकवर खोली मोजतो. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खाली ५०-६० हर्ट्झला तो काय ऐकतो आणि काय गाळतो हे फोनगणिक बदलतं, आणि माझा सगळा प्रॉब्लेम तिथेच होता.

प्रॉब्लेम काय तर ६९ हर्ट्झ. आमचा हॉल लांबीला बरोबर ५ मीटर. आवाजाचा वेग आपल्या हवेत साधारण ३४८ मीटर प्रति सेकंद धरा. लांबीच्या दुपटीने भागलं की पहिला मोड, म्हणजे खोली ज्या सुराला स्वतः घुमते तो सूर, येतो ३५ हर्ट्झच्या आसपास, माझे छोटे स्पीकर तिथे पोचतच नाहीत म्हणून तो सोडा. दुसरा मोड येतो ६९-७० ला. आता पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा पुरुष गायक घ्या, त्याचा मध्य षड्ज १३८-१३९ हर्ट्झ, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार बरोबर ६९ वरच. म्हणजे काळी एकवाला कोणीही लावा, तार छेडली की हॉल घुमायचा, आणि तोच गायक काळी दोन मध्ये असेल तर खर्ज ७८ ला जातो आणि सगळं कसं छान शांत. बायकांच्या पट्टीत तर काहीच त्रास नाही. कित्येक वर्षं मी रेकॉर्डिंगला शिव्या घालत होतो. गंमत म्हणजे तंबोऱ्यात हा मूळ सूर मुळात फार मोठा नसतोच, जवारीमुळे (तारेखालच्या दोऱ्याने येणाऱ्या झणकारामुळे) वरचे स्वर जास्त ऐकू येतात, तोच तर तंबोरा. पण खोलीने त्या खालच्या सुराला दहा-अकरा डेसिबल चढवून दिले की जवारी बाजूला आणि नुसतं घूं घूं.

सोफा मागच्या भिंतीला लावलेला आहे, जसा बहुतेक घरांत असतो, आणि भिंतीजवळ लांबीचा प्रत्येक मोड आपल्या पूर्ण जोरात असतो. सोफा एक फूट पुढे ओढा असं सगळे सांगतात, मी ओढून मोजलं, ६९ हर्ट्झला एक डेसिबलसुद्धा फरक नाही. या मोडसाठी चार फूट पुढे यावं लागतं, लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे टीपॉयच्या जागी बसायचं आणि मागून लोकांनी बाल्कनीत जायचं. घरात हे मांडून बघा कोण मान्य करतंय. पडदे, गालिचा, भिंतीवर फोम, याने टाळी वाजवल्यावरचा खणखणाट कमी होतो, ६९ हर्ट्झला काही होत नाही. तिथे लाटेची लांबी ५ मीटर आहे, तिला दोन इंची फोम दिसतही नाही.

तर मोजमाप. यूमिक-१ च्या प्रत्येक पीसची सीरियल नंबरप्रमाणे वेगळी कॅलिब्रेशन फाइल मिळते, ती आरईडब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. सॉफ्टवेअर फुकट आहे, जॉन मल्काही नावाच्या माणसाने बनवलंय, आणि इतकं काम करणारं फुकट सॉफ्टवेअर मी दुसरं पाहिलेलं नाही. माइक छताकडे ठेवला तर ९० अंशाची फाइल, स्पीकरकडे ठेवला तर शून्य अंशाची, हे विसरलात तर वरच्या फ्रिक्वेन्सीचे आकडे चुकतात. पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद, आणि सकाळी लवकर मोजा, शेजारी मिक्सर सुरू झाला की ग्राफमध्ये दिसतो. मग सॉफ्टवेअर फिल्टर, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती कमी-जास्त करायची ते, तयार करून देतं, ती फाइल मिनीडीएसपीच्या डब्यात इम्पोर्ट करायची, प्रत्येक चॅनेलला दहा फिल्टर मिळतात. डिरॅकसाठी वेगळे पैसे भरले नाहीत, गरजच वाटली नाही.

पहिल्यांदा मी खाली स्पीकर पोचतात तिथपासून २० हजार हर्ट्झपर्यंत सगळं सपाट करून घेतलं. ग्राफ बघून छाती भरून आली. आठवडाभर येईल त्या प्रत्येकाला बसवून ऐकवलं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

नंतर हळूहळू मी संध्याकाळी कमी ऐकायला लागलो. आवाज स्वच्छ होता पण गळा कोरडा वाटायचा, सारंगीचा गज लागल्याची खरखर गेली होती, व्हायोलिन पुठ्ठ्यातून आल्यासारखं. बाबा म्हणाले, "काय रे, याला सर्दी झालीये का?" मग वाचायला बसलो. फ्लॉइड टूल, ज्यांचं कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हारमनमध्ये स्पीकर आणि खोल्यांवर मोठं काम आहे, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की छोट्या खोलीत दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य, वर स्पीकरचं. खाली माइक जे बघतो तेच कानाला ऐकू येतं, वर मात्र कान थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून आलेला आवाज वेगळे ओळखतो, माइक दोन्हीची बेरीज करून मोकळा होतो. ती बेरीज सपाट करायला गेलं की चांगला स्पीकर बिघडतो. मी फिल्टरची हद्द ३०० ला आणून ठेवली, वर हात लावायचा नाही. सारंगी परत आली. म्हणून पूर्ण पट्टीचं, म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सीचं, करेक्शन हे जाहिरातीतलं वाक्य मला आता पैसे लावण्यासारखं वाटत नाही, वरची पट्टी आवडत नसेल तर स्पीकर बदला.

दुसरी गोष्ट, ग्राफमधले खड्डे भरू नका. माझ्या स्पीकरचं तोंड स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून ७० सेंटिमीटरवर होतं, त्यामुळे १२२ हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा. स्पीकरचा आवाज भिंतीवर आपटून उलटा येतो आणि स्वतःलाच कापतो. तिथे ६ डेसिबल वाढवले तर अ‍ॅम्पला चौपट ताकद लागते, आणि खड्डा जवळजवळ तसाच राहतो कारण उलटा येणारा आवाजही तेवढाच वाढतो. आरईडब्ल्यूमध्ये बूस्टची (वाढवण्याची) मर्यादा शून्य करून टाका, फक्त कापा. मी स्पीकर भिंतीकडे सरकवले, खड्डा वर गेला आणि उथळ झाला, एक पैसा खर्च नाही.

यातूनच अ‍ॅम्प किती वॉटचा हवा याबद्दलचं माझं मत बदललं. पहिलं गणित शंभर वॉटच्या खाली नको असं होतं. फक्त कापायचं म्हटल्यावर, ८६ डेसिबलवाले (एका वॉटला एक मीटरवर एवढा आवाज देणारे) स्पीकर, तीन मीटरवर बसणं, घरात चालेल एवढा आवाज, याला सरासरी एक वॉटसुद्धा लागत नाही, डग्ग्यावर जोरात थाप पडली तर क्षणभर तीस-चाळीस. साठ वॉटचा चांगला अ‍ॅम्प भरपूर झाला. शंभर, दीडशे, दोनशेच्या मागे धावणाऱ्यांनी आधी खोली मोजा.

आता तो झोपाळू अ‍ॅम्प. मागे ऑन किंवा ऑटो असा स्विच नाही, कायम ऑटो. ठराविक वेळ सिग्नल एका पातळीच्या खाली राहिला की स्टँडबाय. हे युरोपच्या वीज बचतीच्या नियमांमुळे आलंय, कल्पना वाईट नाही, पण ज्याने ती पातळी ठरवली त्याने आयुष्यात कधी रात्री हळू आवाजात विलंबित ख्याल ऐकलेला नाही. रात्री साडेदहानंतर, घरातले झोपलेत, आवाज कमी, नुसता आलाप, अ‍ॅम्पला काही मिलिव्होल्ट मिळतायत. त्याला वाटतं कोणी ऐकत नाहीये. टक् आवाज येतो आणि शांतता. सिग्नल येतच असतो पण याच्या कानापर्यंत पोचत नाही. मग तबला सुरू होतो, थाप पडली की परत टक्, दोन सेकंद रिलेची (आतल्या स्विचची) तयारी, आणि तोपर्यंत सम निघून गेलेली. गोष्ट छोटी आहे हे मला कळतं. पण एकदा ते टक् ऐकलं की पुढच्या वेळी आपण गाणं ऐकत नाही, टक् ची वाट बघत बसतो.

डीएसपीचं आउटपुट वाढवा असा सल्ला मिळाला. त्याने काही होत नाही, कानाला हवा तेवढाच आवाज हवा असेल तर अ‍ॅम्पच्या दारात पोचणारा सिग्नलही तेवढाच राहणार.

सर्व्हिसला फोन केला. युनिट घेऊन या म्हणाले. घेऊन गेलो, तिथे मुलाने डीजेचं गाणं लावलं, अर्धा तास फुल आवाजात, आणि म्हणाला, "सर, बघा ना, कुठे बंद होतंय?" मी म्हटलं हळू लाव, आलाप लाव. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच गप्प झालो. नंतर ईमेलवर उत्तर आलं की हे नॉर्मल आहे, एनर्जी सेव्हिंग फीचर आहे, वॉरंटीत येत नाही. मी परत लिहिलं की फीचर असेल तर बंद करायची सोय कुठेय, त्यावर तेच उत्तर परत, फक्त खालचं नाव बदललेलं. वॉरंटीत उघडून आतला भाग बदलायचा तर सील तुटतं, म्हणजे तोही रस्ता बंद.

उपाय शेवटी मागच्या पॅनलवरच्या छोट्या भोकात निघाला. त्यावर ट्रिगर १२ व्होल्ट असं लिहिलेलं असतं, बहुतेक लोक त्याकडे बघत नाहीत. तिथे १२ व्होल्ट आले की अ‍ॅम्प चालू, गेले की बंद, ऑटोचं डोकं चालत नाही. घरात जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर पडून होता. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून साडेतीन मिलिमीटरचा मोनो जॅक आणला, चहाच्या पैशात येतो. टोकाला प्लस, मागे मायनस, मल्टीमीटरने दोनदा तपासून लावला. तुमच्या अ‍ॅम्पच्या मॅन्युअलमध्ये ट्रिगरचा व्होल्टेज आणि प्लस-मायनस आधी बघा, सगळ्यांचं सारखं नसतं. त्या रात्रीपासून टक् बंद. महागडा अ‍ॅम्प, त्यावर ईमेलची माळ, आणि काम केलं कोणी तर फेकायला काढलेल्या अ‍ॅडाप्टरने.

फक्त आता अ‍ॅम्प स्वतःहून कधीच बंद होत नाही. रिकामा चालताना दहा वॉट धरले तरी चोवीस तास ठेवला तर महिन्याला सात युनिट. मी अ‍ॅडाप्टर स्विचवाल्या एक्स्टेंशन बोर्डावर लावलाय, ऐकून झालं की बोटाने बंद. हुशार स्टँडबायपेक्षा हे बरं.

परत घ्यायची वेळ आली तर? डबा आणि माइक तेच घेईन, फक्त कुरिअरचं केवायसी आणि कस्टम ड्यूटी धरून बजेट करा, वेबसाइटवरची किंमत ही किंमत नसते. अ‍ॅम्प दुसरा घेईन, मागे ऑन-ऑटो स्विच असलेलाच, मग तो वीस वॉटने कमी असला तरी चालेल. तीन स्टार देतो, एक स्टार टक् साठी आणि एक त्या ईमेलसाठी कापलाय.

आणि माइक वर्षातून एकदा-दोनदाच लागतो, बाकी वेळ डबीत पडून असतो. पुण्यात ओळखीपैकी कोणाला खोली मोजायची असेल तर दोन दिवसांसाठी घेऊन जा, कॅलिब्रेशनची फाइल सोबत देतो. डिपॉझिट मात्र रोख ठेवायचं.