अंगकोरची एक दिवसाची गाइडेड टूर, सात महिन्यांनंतर (पास तीन दिवसांचाच घ्या)

मागच्या रविवारी वेरूळला गेलो होतो. सोळा नंबरच्या लेण्यात रावण कैलास हलवतोय त्या शिल्पासमोर आई थांबली आणि म्हणाली, "तिकडचा रावण आपला बघायचा राहिलाच ना गं." तेव्हाच ठरवलं की आता हे लिहायचंच. तिकडचा म्हणजे कंबोडियातला, अंगकोरच्या देवळांपैकी बांते स्रेईचा. ९६७ सालचं गुलाबी दगडाचं छोटंसं देऊळ, त्यातल्या एका दारावर हाच प्रसंग कोरलाय. आमच्या टूरच्या कागदावर ते होतं, पण पुढे 'वेळ उरल्यास' असं लिहिलेलं, आणि वेळ काही उरला नाही.

जानेवारीत मी आणि आई (वय ६८, गुडघे दुखतात) सिएम रीपला, म्हणजे अंगकोरच्या देवळांजवळच्या शहरात, गेलो होतो. टूर नेहमीचीच: पहाटे साडेचारला पिकअप, अंगकोर वाटला (सगळ्यात मोठं देऊळ) सूर्योदय, मग अंगकोर थोम हे तटबंदीचं जुनं शहर, त्यातलं बायोन देऊळ, मग झाडांच्या मुळांनी वेढलेलं ता प्रोह्म, संध्याकाळी हॉटेलवर परत. गाडी चांगली, एसी चांगला, पाण्याच्या गार बाटल्या मागाल तितक्या. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते तिकिटाबद्दल. देवळांचा पास टूरच्या पैशात नसतो, वेगळा घ्यावा लागतो. एक दिवसाचा ३७ डॉलर आणि तीन दिवसांचा ६२, आणि ते तीन दिवस सलग वापरायचीही सक्ती नाही, दहा दिवसांत कधीही चालतात. बुकिंग करताना एजंटला स्पष्ट विचारलं होतं की कुठला घेऊ, तर म्हणाला, "ताई एक दिवस पुष्कळ झाला, सगळी देवळं सारखीच दिसतात." मी ऐकलं आणि एक दिवसाचा घेतला. दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटलं तर पुन्हा ३७. म्हणजे माणशी ७४ झाले, जिथे ६२ मध्ये तीन दिवस मिळाले असते. दोघींचे मिळून २४ डॉलर, आपले दोन हजार रुपये, निव्वळ पाण्यात. पासवर तुमचा फोटो असतो त्यामुळे दुसऱ्याला देताही येत नाही. सात महिने झाले तरी हे डोक्यातून जात नाहीये.

परत का जावंसं वाटलं ते सांगते. अंगकोर वाटच्या खालच्या ओवऱ्यांमध्ये चारही बाजूंनी भिंती कोरलेल्या आहेत. पश्चिमेकडून आत शिरून उजवीकडे वळलं की कुरुक्षेत्र. गाइड अजून तोंड उघडतोय तोवर आईनेच मला दाखवलं, "अगं हे बघ भीष्म, शरपंजरी." मग तो गाइड खुलला, आई मराठीत बोलतेय, तो इंग्रजीत, मी मध्ये. पुढे दक्षिणेच्या भिंतीवर देऊळ बांधणारा राजा दुसरा सूर्यवर्मन आणि त्याचं सैन्य, मग यमाचा दरबार, तिथे चित्रगुप्तसुद्धा आहे आणि पाप्यांना ओढत खाली नरकात नेतायत. आणि मग कोपरा वळून पूर्वेला समुद्रमंथन. जवळजवळ ५० मीटर लांब एकच प्रसंग! ९२ असुर आणि ८८ देव वासुकीला धरून ओढतायत, मधोमध विष्णू, खाली कासव. इथे गाइडने घड्याळ बघितलं आणि आम्हाला सहा मिनिटं दिली. सहा! सूर्योदयाला तळ्याकाठी गर्दीत दीड तास उभे होतो, नाश्त्याच्या टपरीवर पाऊण तास, दुपारी ठरलेल्या हॉटेलात जेवायला सव्वा तास, आणि ज्यासाठी आई एवढ्या लांब आली त्या भिंतीला सहा मिनिटं.

इथपर्यंत लिहून मी गाइडला पाचपैकी दोन दिले होते. मग काल तारखा बघायला म्हणून जुने मेसेज काढले तर आदल्या रात्रीचा त्याचा मेसेज दिसला, आई सोबत आहे तर तीन दिवसांचा पास घ्या, सावकाश बघा. मी तो वाचलाच नव्हता, कारण एजंटने आधीच 'एक दिवस पुष्कळ' सांगून ठेवलेलं. म्हणजे बिचारा बरोबर सांगत होता, आणि त्या दिवशीचं वेळापत्रकही त्याचं नव्हतं, त्याला ते कंपनीने आखून दिलेलं होतं. आणि अंगकोर थोमच्या दक्षिण दरवाजाशी शेड्यूलमध्ये नसताना गाडी थांबवून त्याने आईला पुलाच्या दोन्ही बाजू दाखवल्या होत्या, एकीकडे ५४ देव दुसरीकडे ५४ असुर, हातात नाग, म्हणजे तेच मंथन. गाइडला पाच. आधीचे दोन मागे घेते.

बाकी बायोनच्या मनोऱ्यांवरचे दगडी चेहरे छान, पण ऐन दुपारी गेलो, उन्हाने जीव नकोसा झाला. ता प्रोह्मला झाडापाशी फोटोची रांग. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्तीचं बरंच काम केलंय, तो भाग आईने आवर्जून बघितला.

दुसऱ्या दिवशी १५ डॉलरला टुकटुक ठरवली, पुन्हा पास काढला आणि सात वाजता सरळ पूर्वेच्या ओवरीत. त्या वेळी सगळी गर्दी अजून पश्चिमेला तळ्याशी असते, आणि सकाळचं ऊन खांबांच्या मधून थेट भिंतीवर पडतं. आई एका टोकापासून असुर मोजायला लागली, मधेच चुकली, पुन्हा सुरुवात केली. मी मधल्या विष्णूपाशी खाली वाकून बघितलं तर तिथले मासे मगरी घुसळणीच्या जोराने मधोमध तुटलेले कोरलेत, अर्धा मासा इकडे, अर्धा तिकडे. आदल्या दिवशी हे दिसलंच नव्हतं. देवांच्या शेवटच्या टोकाला एक मोठं वानर वासुकीचं शेपूट धरून उभंय, आई म्हणाली हनुमानच, आणि तिथेच दहा मिनिटं बसून राहिली. संध्याकाळी फ्लाइट होतं त्यामुळे बांते स्रेईला जाणं जमलं नाही. ते शहरापासून तीसेक किलोमीटरच्या पुढे आहे, जाऊन येऊन अर्धा दिवस सहज जातो.

तर ज्यांना जायचंय त्यांनी पास तीन दिवसांचा घ्या आणि स्वतःच काढा, आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास काढलात तर त्या दिवशीचा सूर्यास्तही त्यातच मिळतो. गाइड फक्त ओवऱ्यांसाठी घ्या, अर्ध्या दिवसाचा, आणि समुद्रमंथनाला एक तास हवा हे त्याला आधीच सांगून ठेवा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला नाहीतर अंगकोर वाटच्या वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. वर जायचा जिना फार उभा आहे, आई खालीच बसली. फाटकी किंवा कोपरा गेलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही, आमची एक २० ची तशीच परत आलीये.