वाड्यातली खोली की सिडकोतलं भाडं? उतारवयात, कमी पैशांत नाशिकमध्ये राहायचं तर

आमच्या आत्याची खोली जुन्या नाशकातल्या एका वाड्यात, वरच्या मजल्यावर. लाकडी जिना इतका उभा की धरायला वरून दोर सोडलेला. चाळीस वर्षांच्या हातांनी तो दोर काळा, गुळगुळीत झालाय. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाड्याची भिंत पडली आणि आमच्या घरात एकच विषय सुरू झाला, आत्याला आता कुठे ठेवायचं? ती म्हणाली, "मला ठेवायची भाषा करू नका. मी कुठे राहू ते बोला."

पुढचे काही महिने आम्ही जे पाहिलं आणि विचारून घेतलं, ते अशाच पेचात असलेल्यांसाठी लिहितोय.

आधी पैशाचं. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, तेही वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचं ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेचं, किमान पेन्शन १,००० रुपये आहे. सातपूर-अंबडला उभी हयात मशीनवर घालवलेल्या कित्येकांच्या हातात याहून फार काही पडत नाही. आणि सिडकोत, म्हणजे नाशिकच्या सिडको वसाहतीत, एका खोलीचे आम्हाला साडेतीन ते साडेचार हजार सांगितले, डिपॉझिट वेगळं. म्हणजे अख्खं पेन्शन दिलं तरी भाडं निघत नाही. दरमहा भर कोण घालणार, हे मुलांनी आणि भाच्या-पुतण्यांनी आधी आपसात ठरवावं. खोली बघायला त्यानंतर निघावं.

आता वाडा आणि भाड्याची खोली शेजारी शेजारी ठेवून बघू. वाड्यातलं भाडं महिन्याला शंभराच्या आतबाहेर. जुना भाडेकरू असल्यामुळे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं संरक्षण आहे. मालकाला वर्षाला चार टक्क्यांहून जास्त वाढ सहसा करता येत नाही, आणि भाडं वेळेवर भरणाऱ्याला उगाच बाहेर काढता येत नाही. नवरा गेल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या बायकोकडे तो हक्क येतो. पावती मात्र अजून यजमानांच्याच नावाने निघत असेल तर ती आजच बदलून मागा. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि पावत्या जपून ठेवा.

भाड्याच्या खोलीला सिमेंटची भिंत, आत संडास, नळाला पाणी. वाड्यात संडास खाली, अंगणाच्या टोकाला. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला त्या जिन्यावरून जाणं काय असतं ते आत्याकडे एक रात्र राहिलो तेव्हा कळलं. पण खोलीचा हक्क फक्त कराराच्या तारखेपर्यंत. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की खोली सोडायची. अडून बसलात तर दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. थोडक्यात, जिथे हक्क पक्का तिथे भिंत कच्ची, आणि जिथे भिंत पक्की तिथे हक्क कच्चा. सगळा पेच इथेच आहे.

म्हणून भाड्याने जायचं ठरवलंत तर अकरा महिन्यांवर समाधान मानू नका. तीन वर्षांचा करार मागा आणि तो नोंदवाच. लेखी आणि नोंदणीकृत करार कायद्यानेच सक्तीचा आहे, आणि पत्त्याचा पुरावा म्हणूनही तोच कामाला येतो. पंचवटीत बघत असाल तर मुदत कधी संपते ते नीट पाहा. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाजवळच्या एकेका खोलीला काय मागणी येईल ते नाशिककरांना सांगायला नको. सराफ बाजार, भांडी बाजाराच्या खालच्या अंगाला तळमजला घेणार असाल, तर गोदेच्या पुरात पात्रातला दुतोंड्या मारुती बुडतो तेव्हा पाणी कुठवर येतं ते शेजाऱ्यांना विचारा. सिडकोत पवननगर, उत्तमनगरकडे मूळच्या बैठ्या घरांवर मजले चढलेत. वरची पत्र्याची खोली स्वस्त मिळते, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे म्हाताऱ्या माणसाने बसू नये. पाचशे जास्त गेले तरी तळमजलाच घ्या. महापालिकेचा दवाखाना किती लांब तेही बघा: सिडकोला मोरवाडी, जुन्या नाशकात झाकीर हुसेन, नाशिकरोडला बिटको.

वाडा खाली करण्याची महापालिकेची नोटीस आली असेल तर गोष्ट वेगळी, जीव आधी. तरी सामान हलवण्यापूर्वी खोलीचं माप, भाडेकरू म्हणून आपलं नाव आणि नव्या बांधकामात जागा देण्याचं मालकाचं म्हणणं लेखी घ्या, जमलं तर वकिलाकडून.

घरकुलाचा पर्याय कागदावर सर्वांत चांगला. घर आपलं, शिवाय बाईच्या नावावर. पंतप्रधान आवास योजनेत वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आणि देशात कुठेही पक्कं घर नाही अशांना अडीच लाखांपर्यंत साहाय्य मिळतं. म्हाडाच्या नाशिक मंडळाची सोडतही निघते. पण उरलेली रक्कम आणायची कुठून? सत्तरीच्या माणसाला बँक सहसा गृहकर्ज देत नाही, मुलाला पुढे करावं लागतं. आणि घरं बहुतेक आडगाव, पाथर्डी, मखमलाबादच्या शिवारात. गावातली बाई, जिची भाजीवाली ठरलेली, देऊळ ठरलेलं, तिने तिथे चौथ्या मजल्यावर दिवस कसा काढायचा? पैसे हाताशी असतील आणि मूल जवळ राहत असेल तरच याच्या मागे लागा.

स्वतःचं घर असलेल्यांना एक कळकळीचं सांगणं. मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करताना 'सांभाळ करीन' ही अट त्यात लिहून घ्या. अट लिहिलेली असेल तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ प्रमाणे बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. पोटगीसाठी त्याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

वृद्धाश्रमाबद्दल थोडंच लिहितो. जेवण आणि सोबत मिळते, अंथरुणाला खिळलेल्यांना मात्र बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. जोडपं असेल तर दोघांना एकत्र राहता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद २००७ च्या कायद्यात आहे. पण आत्यासारख्या, स्वतःचं स्वतः रांधून खाणाऱ्या बाईला तिथे का पाठवायचं, तेवढं मला पटलं नाही.

तिला हवी होती तळमजल्यावरची एक खोली, परवडेल असं भाडं आणि मरेपर्यंत कुणी ऊठ म्हणणार नाही याची खात्री. असा पर्याय आम्हाला शहरभर फिरून सापडला नाही. २०२० साली केंद्राने भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची योजना आणली, तिचा रोख शहरात कामाला येणाऱ्या मजुरांवर. आवास योजनेच्या नव्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा भाग आहे. त्यातल्या तळमजल्याच्या काही खोल्या ज्येष्ठांसाठी हयातभराच्या कराराने राखून ठेवा, अशी मागणी प्रभागाच्या नगरसेवकापासून आमदारापर्यंत आपण सर्वांनी लावून धरायला हवी.

आत्या आता सिडकोत आहे. तळमजला, छत्तीस महिन्यांचा नोंदणीकृत करार. भाडं आम्ही तिघं भाऊ वाटून घेतो. वाड्यातली खोली तिने सोडलेली नाही. विनाकारण सलग सहा महिने वापर नसेल तर मालकाला ताबा मागता येतो, हे वकिलांनी सांगितलं तेव्हापासून ती दर एक तारखेला भाडं घेऊन जाते. मी मागून, ती पुढे, दोर धरून. वर गेली की कुलूप उघडते, केर काढते, स्टोव्हवर चहा टाकते आणि शेजारणीला हाक मारते.